उत्तरेचा हिम आणि आपले खळे
भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलात हिम पाडतात. त्यांतील थंड वारे व बंगालच्या उपसागरावरील दमट वारे मध्य भारतावर एकत्र आले, म्हणजे महाराष्ट्रात गारपीट संभवते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, कांदा व द्राक्षे अशीच गेली. उलट, मार्च २०२२ मध्ये जोरदार विक्षोभ आले नाहीत. तेव्हा उष्णतेने पंजाबातील गव्हाचा दाणा बारीक राहिला. म्हणून हवामान खात्याच्या अंदाजातील उत्तरेची वार्ताही गावात वाचून दाखवावी. त्यातील पिवळा रंग लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्जतेचा, तांबडा कृतीचा. तांबड्याची वाट पाहणे मात्र महागात पडते. कापणी केलेला हरभरा नारिंगी रंग दिसताच झाकावा.