येळवस, करणी आणि माझी रूममेट

गोष्ट आमच्या हॉस्टेलच्या रूममधलीच आहे. अमावस्येची रात्र होती. मेसमधून जेवून वर आले तर रूमची लाईट बंद. टेबलावर एक मेणबत्ती, तिच्याभोवती मिठाचं रिंगण, चार रंगीत खडे आणि समोर मांडी घालून, डोळे मिटून बसलेली माझी रूममेट. काळजात धस्स झालं! आमच्या भागात असलं चित्र दिसलं की त्याचा एकच अर्थ लावतात – कुणीतरी कुणावर तरी काहीतरी करतंय.

"अगं बाई, काय चाललंय तुझं?"

"घाबरू नकोस गं. मी विच आहे," ती हसत म्हणाली.

शेजारच्या रूममधल्या दोघी त्या रात्री दाराला आतून कडी घालून झोपल्या. सकाळी पाहते तर आमच्या दाराला लिंबू-मिरची लटकवलेली. जादूवर उतारा म्हणून पुन्हा जादूच! आणि या सगळ्या उद्याच्या इंजिनिअर.

मग मी तिला बसवून सगळं विचारून घेतलं, थोडं स्वतः वाचलं. ते तुम्हालाही सांगावं म्हणून हा लेख.

तिच्या पंथाचं नाव विक्का. युरोपात ख्रिस्ती धर्म येण्याआधी लोक सूर्य, चंद्र, जमीन, झाडं यांची पूजा करायचे. त्या धाग्याला धरून चालणाऱ्या आजच्या उपासकांना पेगन म्हणतात, आणि विक्का ही त्यांचीच एक शाखा. ती लोकांपुढं आणली जेराल्ड गार्डनर या इंग्रज माणसानं. पूर्वी मलायात कस्टम खात्यात नोकरी केलेला हा गृहस्थ. इंग्लंडमधला १७३५ चा जादूटोण्याचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. हा प्राचीन धर्म गुपचूप जिवंत राहिला आहे, असा त्याचा दावा होता. इतिहासकारांना मात्र तसा अखंड धागा सापडत नाही. त्यांच्या मते विक्का ही बरीचशी विसाव्या शतकातलीच जुळणी आहे. तरीही २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी विक्का.

त्यांचं रोजचं वागणं साधंच असतं. चंद्राच्या कला बघायच्या, दिवा लावून शांत बसायचं, झाडपाल्याचा काढा करायचा आणि वर्षाचे आठ सण पाळायचे. सर्वांत मोठा दिवस, सर्वांत मोठी रात्र, दिवस-रात्र समान असण्याचे दोन दिवस आणि यांच्या मधले चार. कुणाला इजा करायची नाही, हा त्यांचा मुख्य नियम. रूममेट म्हणाली, "डिसेंबरात सगळ्यांत मोठी रात्र असते ना, तेव्हा आम्ही जाळ करतो. सूर्य परत यावा म्हणून."

मी म्हटलं, "मग तू आमच्या येळवशीला चल!"

आता लातूर, धाराशिवकडच्या मंडळींना आणि आपल्या अंबाजोगाई-परळी भागातल्यांना येळवस सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस. डिसेंबर-जानेवारीत येते. कर्नाटकात हिलाच एळ्ळू अमावस्या म्हणतात. एळ्ळू म्हणजे तीळ. शिवारात ज्वारी उभी असते, हरभरा भरात असतो. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रान माणसांनी फुलतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील शेताच्या चारी बाजूंनी शिंपडायची. जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाची पोळी. (भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे हो! तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजवलेला तो एक अजब पदार्थ आहे. खाल्ल्याशिवाय कळायचा नाही.) अंधार पडायला लागला की कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवायची.

या सणाला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, ही खरी रीत. येळवशीला शेतातून कुणी उपाशी जाता कामा नये.

रूममेट ऐकतच राहिली. म्हणाली, "अगं, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त पेगन आहात!"

तसं बघितलं तर खरंच आहे. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेल्या साती आसरा, पोळ्याला बैलापुढं टेकवलेलं डोकं, खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथ मशीनला घातलेला झेंडूचा हार – आमच्या सरांनीही त्या दिवशी लेथला हळद-कुंकू लावलं होतं, हे मी पाहिलंय! ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याचे वर्षातून एकदा आभार मानायचे, एवढाच त्यामागचा भाव. यात वाईट काय आहे?

पण इथंच थांबले असते तर हा लेख अर्धवट राहिला असता. कारण आमच्या गावात मी दुसरी बाजूही पाहिली आहे.

२०१५ साल, मी पाचवीत होते. दुष्काळाचं वर्ष. चारा नाही, पाणी नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरची म्हैस अचानक आटली. धार काढताना लाथा मारायची, दुधात गाठी यायच्या. घरचे देवऋष्याकडं गेले. त्यानं दाणे मांडले आणि विचारलं, "तुमच्या घराच्या उगवतीला कुणी एकटी बाई राहते का?"

राहत होती. माझी मोठी माय. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, विधवा, मूलबाळ नाही. आणि त्या म्हशीवाल्यांचा नि तिचा बांधावरून जुना वाद. देवऋष्यानं नाव घेतलंच नाही, नाव त्या घरातल्यांनीच घेतलं. दोन दिवसांत गावभर झालं – हिनं करणी केली.

पुढं जनावरांचा डॉक्टर आला. म्हशीला कासेचा दाह झाला होता, आपल्याकडं दगडी म्हणतात तो. जंतूंमुळं होतो. इंजेक्शनं दिली, म्हैस बरी झाली. पण मोठ्या मायवरचा शब्द काही पुसला गेला नाही. त्या येळवशीला तिनंही तिच्या तुकड्यात कोप केली, आंबील केली. ज्या सणाला अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात, त्या सणाला तिच्या कोपीकडं कुणी फिरकलं नाही. ती बांधावर उभी राहून मला हाक मारत होती. आईनं डोळ्यांनीच नको म्हटलं. मी गेले नाही.

आता वाचताना कळलं की हे सगळीकडं असंच झालंय. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण ठरवून सुमारे ४० ते ५० हजार माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक बायका होत्या. त्यांच्यावरच्या आरोपांत 'हिनं गाईचं दूध आटवलं' हा आरोप नेहमीचाच असे. आणि आपला महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काढून बघा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असं भासवणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलाय. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे मोठ्या मायवर ते बालंट आलं तेव्हा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. गावात तो कुणालाच माहीत नव्हता!

या कायद्याबद्दल एक गैरसमजही आहे की तो देवधर्माच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, घरची उपासना यांना त्यानं हातही लावलेला नाही. तो कुणी काय मानावं हे सांगत नाही. त्या मानण्यातून दुसऱ्याचं काय केलं, एवढंच बघतो. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हाही त्यात गुन्हा आहे. बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष अंगात जातंच असं नाही. असा माणूस आपोआप वाचतो आणि श्रेय मांत्रिकाला जातं. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष खरंच भिनलं असेल तर त्यावर उतारा एकच, दवाखान्यातली प्रतिसर्पविषाची लस. सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढं तरी घरी सांगा.

म्हणून मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवलेत. कुठलीही प्रथा असो, गावची नाहीतर इंटरनेटवरची – यात कुणावर आळ येतो का? यापायी कुणाचा औषधोपचार थांबतो का? भीती घालून कुणी पैसे काढतंय का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर खुशाल करा. मेणबत्ती लावा, लेथला हार घाला, परीक्षेला लकी पेन न्या. (अभ्यास मात्र करावाच लागेल!) एकाचंही उत्तर 'हो' आलं तर तिथं गप्प बसू नका. मी एकदा गप्प बसलेय.

यंदा येळवशीला रूममेटला गावी नेलं. आधी आमच्या कोपीत न जाता तिला घेऊन सरळ मोठ्या मायच्या तुकड्यात गेले. मोठी माय आता थकलीय. तिनं आम्हा दोघींना आंबील दिली, भज्जी वाढली. थोड्या वेळानं आईही तिकडंच आली. कुणी काही बोललं नाही, सगळे जेवत राहिले.

जेवताना मोठ्या मायनं विचारलं, "ही पोरगी कोणत्या देवाचं करती गं?"

"चंद्राचं करती. अमावस्येला मेणबत्ती लावती," मी म्हटलं.

"करू दे की. कुणाचं वाईट तर मागत नाही ना?"

रूममेटनं मला कोपरानं ढोसलं. "त्यांना सांग ना, मी विच आहे म्हणून."

मी सांगितलं नाही. तिनं तो शब्द हौसेनं स्वतः घेतलाय आणि त्याचा तिला अभिमान आहे. पण त्याला मराठीत जो शब्द आहे, तो मोठ्या मायला गावानं दिला होता.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी