काढलेले क्रिप्टो अडकते कुठे?

जतमधून बिटकॉइन काढा की मुंबईतून, विलंबाची कारणे तीच. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो. ६ ब्लॉकची पुष्टी धरली, तर तासभर जातो. गर्दीच्या वेळी कमी शुल्काचा व्यवहार मागे पडतो. मोबाइलवर नुसते ‘प्रोसेसिंग’ दिसते आणि ट्रान्झॅक्शन आयडी आलेला नसतो, तेव्हा बहुतेक वेळा नाणी एक्स्चेंजमधून निघालेलीच नसतात. अपुरी केवायसी किंवा नुकताच बदललेला पासवर्डही त्याला कारण असू शकतो.

वझीरएक्सच्या ग्राहकांचे हाल मात्र वेगळेच. १८ जुलै २०२४ रोजी या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे क्रिप्टो चोरीला गेले आणि पैसे काढणे थांबले. सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने परतफेडीची योजना मंजूर केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. सव्वा वर्ष! काहीही चूक नसलेल्या माणसांनी ते सोसले, हा अन्यायच.

पैसे अडकलेले असताना ‘आधी कर भरा, मग पैसे सोडतो’ असे कोणी सांगितले, तर ती फसवणूक समजा. १ टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. एक रुपयाही न भरता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.