मराचंच होतं तं झाली कायले?

अर्जुनी मोरगावकडच्या एका बांधीलगतच्या उकिरड्यातून मूठभर ओलं शेणखत आणलं. नरसाळ्याच्या टोकाला रबरी नळी, नळीला चिमटा, वर मलमलीत बांधलेलं खत आणि ते भिजेल इतकं पाणी. सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरतात, पण त्यांना वर पोहता येत नाही. रात्रभरात तळाशी जमतात. सकाळी चिमटा सैल करून चमचाभर पाणी काचेवर घेतलं.

मिलिमीटरभर लांब, आरपार दिसणारे जीव! एकीच्या पोटात अंड्यांची रांग होती. कुजक्या पदार्थांतले जिवाणू खाणाऱ्या याच गोतावळ्यातला सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. त्याच्या उभयलिंगी कृमीत वाढीदरम्यान १०९० शरीरपेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दर कृमीत त्याच पेशी, ठरल्या वेळी.

केंब्रिजला जीवशास्त्रज्ञ जॉन सल्स्टन रोज दोनदा चार-चार तास, दीड वर्ष या कृमीच्या भ्रूणाकडे बघत बसले आणि हाताने चित्रं काढत गेले. १९८३ साली भ्रूणातल्या पेशींचा वंशवृक्ष छापून आला. मरणारी पेशी गोल बटणासारखी चकाकते, मग शेजारीण तिला गिळते. ते बटण माझ्या साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तरी अंड्यावरून नजर हलेना.

मागे उभ्या मुलानं विचारलं, "सर, मराचंच होतं तं ते पेशी झाली कायले?"

मी फळ्याकडे वळलो. जगणाऱ्या पेशीत सेड-९ हे प्रथिन सेड-४ला धरून ठेवतं. मरायच्या पेशीत ईजीएल-१ येऊन सेड-९ला चिकटतं. सेड-४ सुटतं आणि सेड-३ला जागं करतं, ते आतली प्रथिनं कापत सुटतं. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत सेड-३ बिघडलेले कृमी सापडले: मरायच्या पेशी जगल्या, कृमीही जगला. माणसाचं बीसीएल-२ हे सेड-९चं भावंड. लसिका ग्रंथींच्या कर्करोगात ते मरायच्या पेशींनाही जगवतं. १९९२ साली ते कृमीत घातलं, तर तिथंही त्यानं पेशींचं मरण अडवलं. एवढ्याशा कृमीत आणि आपल्यात एकच कुलूप!

मुलाचं उत्तर मात्र राहिलं होतं. अंडी घालण्याच्या स्नायूंना चेतवणाऱ्या दोन मज्जापेशी नराच्या भ्रूणातही तयार होतात. त्याला त्या नको असतात, म्हणून मरतात. उभयलिंगी कृमीत त्या जगतात. ईजीएल-१च्या एका बिघाडात तिथंही त्या मेल्या आणि अंडी पोटातच अडकली. जनुकाला ईजीएल, म्हणजे 'एग-लेइंग', हे नाव पडलं ते त्यावरूनच.

तो वाकून बघू लागला. "सर, अंडं पडलं!"