एकच गाडी, तीही क्रूझर?

होस्टेलवाल्याकडे गाडी असते एकच. मेसला तीच, स्टेशनला तीच, दिवाळीला घरी जायलाही तीच. मग ती क्रूझर असावी का?

उदाहरणार्थ, बजाज अ‍ॅव्हेंजर 220 पाहा. सीटची उंची 737 मिमी, त्यामुळे बुटक्या मंडळींचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. व्हीलबेस 1490 मिमी, स्प्लेंडरचा 1236. हँडल तेवढंच वळवलं तर वळणाचा घेर व्हीलबेसच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण 20 टक्के. लांब व्हीलबेस आणि तिरका फोर्क यांमुळे हायवेवर गाडी सरळ, शांत पळते. गच्च पार्किंगमधून काढताना मात्र घाम फोडते.

खरी मेख पायांत आहे. फूटरेस्ट पुढे असल्याने खड्ड्यात सीटवरून उठता येत नाही. साध्या गाडीवर आपले गुडघेच शॉक-अ‍ॅब्सॉर्बर होतात. इथे दणका थेट माकडहाडाला! म्हणून खड्ड्याच्या आधीच वेग कमी करायची सवय हवी.

तात्पर्य काय, तर वरचेवर लांबचा पल्ला मारणार असाल तर खुशाल घ्या. रोज गल्लीबोळ आणि डबलसीटच असेल, तर आधी मित्राची आठवडाभर चालवून बघा. घरच्यांकडे पैसे मग मागा.