खाज थांबली, गजकर्ण मात्र वाढलं

पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर आवाज खाली आणून एक मागणी सुरू होते, 'खाजेवर एखादी ट्यूब द्या.' जागा जांघेची नाहीतर कमरेची, त्यामुळे ती दाखवायचा प्रश्नच नसतो आणि दुकानदारही फार खोलात जात नाही. ट्यूब लावली की त्याच रात्री झोप लागते, चार दिवसांत लाली उतरते. पंधरा दिवसांनी चट्टा परत येतो, तोही आधीपेक्षा मोठा. मग पुन्हा तीच ट्यूब. २०१४-१५च्या सुमारापासून भारतभरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे असं महिनोन्‌महिने हटत नसलेलं गजकर्ण घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली आहे. त्यातल्या अनेकांची गोष्ट याच ट्यूबपासून सुरू होते.

खाज थांबली म्हणजे औषध लागू पडलं, हा यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिनवर जगते. ती आली हे शरीराला कळतं आणि शरीर तिच्याशी झगडू लागतं. लाली, फुगलेली कड आणि खाज ही त्या झगड्याची चिन्हं. बाजारातल्या अनेक 'खाजेच्या' ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि ते नेमका हा झगडाच बंद पाडतं. खाज थांबते, बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. ट्यूब उलटी करून बारीक छपाई वाचली तर एकाच मलमात क्लोबेटासॉल हे अतितीव्र स्टेरॉइड, ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल ही जंतुविरोधी औषधं आणि जोडीला टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध, अशी मिसळ सापडते. कशावर तरी काहीतरी लागेलच, असा हा हिशेब!

अशी मिसळ लावलेलं गजकर्ण ओळखूही येत नाही. एरवी त्याची कड उंचावलेली, लालसर, खवले धरलेली असते आणि मधला भाग बऱ्यापैकी साफ. स्टेरॉइडनंतर कड पुसट होते, नाहीतर वर्तुळात वर्तुळं उमटतात. डॉक्टर याला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तसे रुंद पट्टे पडतात, ते जन्मभर राहतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे वाचकाने आपल्याच नाक्यावर पाहावं.

याचा अर्थ स्टेरॉइड हे विष आहे असाही नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्वचारोगांवर गुणकारी ठरलं आणि इसबाच्या रुग्णांचे दिवस पालटले. योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावलं तर इसबावर ते आजही पहिल्या फळीचं औषध आहे. बुरशीवर मात्र त्याचं काही काम नाही.

'रक्तात दोष आहे, वांगं बंद करा' हा घरोघरचा सल्ला. बुरशी रक्तातून येत नाही. माणसाकडून, टॉवेलवरून, कपड्यांवरून ती त्वचेवर येते आणि वरच्या थरातच राहते. तेव्हा वांगं सोडून ती जात नाही, रक्तशुद्धीच्या काढ्यानेही नाही. रक्तात तपासायचं असेल तर साखर तपासावी, कारण मधुमेहात असे संसर्ग चटकन जडतात आणि लवकर हटत नाहीत. अस्वच्छ माणसालाच हे होतं, हाही आरोप खोटा. दिवसातून दोनदा जंतुनाशक साबण आणि वज्री घासणाऱ्यांची त्वचा उलट सोलवटते आणि बुरशीला वाट मिळते. घाम, दमटपणा, घट्ट जीन्स आणि न वाळलेले आतले कपडे ही खरी कारणं. करदोटा हे आणखी एक. अंघोळीनंतर अंग पुसलं तरी तो दोरा ओलाच राहतो आणि बुरशी त्यात ठाण मांडते. उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवावा.

लावायच्या औषधांचा इतिहास मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर 'गोवा पावडर' प्रसिद्ध होती. ती मूळची ब्राझीलमधल्या एका झाडाची. पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि नाव गोव्याचं लागलं. ती कपडे डागाळायची, कातडी भाजायची. आज लिंबू, लसूण किंवा ब्लीच चोळणारे तीच भाजणी करून घेतात, फायदा शून्य.

टर्बिनाफिनची गोळी घेऊनही उतार पडत नाही, तेव्हा औषध बनावट असल्याचा संशय घेतला जातो. कारण बहुतेकदा वेगळं असतं. भारतात पसरलेल्या बुरशीच्या जनुकात बदल होऊन ती या औषधाला दाद देईनाशी झाली आहे. जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या या बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव दिलं. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली; तिथल्या दोन रुग्णांपैकी एकीने अलीकडच्या काळात परदेश प्रवास केलेलाच नव्हता. अशा वेळी डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल देतात. ते हृदय, यकृत आणि इतर गोळ्यांचा विचार करून द्यावं लागतं. त्याच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायच्या असतात आणि ॲसिडिटीच्या गोळीने त्यांचा असर कमी होतो. शेजाऱ्याची चिठ्ठी इथे चालत नाही.

बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं असतं आणि त्वचा साफ दिसू लागल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं असतं. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार त्याच वेळी व्हायला हवेत.

आणि प्रत्येक खाज गजकर्णाची नसते. रात्री अंथरुणात वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत सुरू झालेली आणि घरात दोघा-तिघांना एकदम झालेली खाज असेल तर खरजेचा संशय घ्यावा. ती बुरशीने नाही, किड्याने होते आणि तिचं औषधही वेगळं. शंका असेल तिथे डॉक्टर चट्ट्याची कड खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि थोड्याच वेळात बुरशीचे धागे आहेत की नाहीत ते कळतं. ट्यूब सुरू करण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. आधीच ट्यूब लावत असाल, तर डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूबही सोबत न्या.