ब्लॅक बॉक्स उघडल्यावर

१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ विमान जमीन सोडल्यावर अर्ध्या मिनिटातच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर पहिला ब्लॅक बॉक्स सापडला आणि १६ जूनला ढिगाऱ्यातून दुसरा. तेव्हापासून बातम्यांत आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येत होतं: ब्लॅक बॉक्स मिळाला ना, मग आता कळेलच. २६० माणसं गेली होती. विमानातला एकच प्रवासी वाचला होता. अशा वेळी माणसं त्या डब्याकडे आशेने पाहणारच. पण त्याच्याविषयी इतके गैरसमज रुजलेत की त्याच्याकडून काय मिळू शकतं आणि काय नाही, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

गोंधळ नावापासून सुरू होतो. हा डबा काळा नसतो. त्याचा रंग भडक केशरी असतो, अंगावर उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या असतात आणि ‘फ्लाइट रेकॉर्डर, उघडू नका’ अशी सूचना मोठ्या अक्षरांत इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये लिहिलेली असते. राखेत, चिखलात किंवा समुद्राच्या तळाशी शोधणाऱ्याच्या नजरेला तो चटकन पडावा, एवढाच त्या रंगाचा हेतू. आगीत होरपळला तरच तो काळा दिसतो.

शिवाय तो एक नसतो. बहुतेक प्रवासी विमानांत दोन वेगळी यंत्रं असतात. एक विमानाची उंची, वेग, दिशा, इंजिनांची स्थिती असे आकडे नोंदवतं, तर दुसरं कॉकपिटमधले आवाज. बोइंग ७८७ मध्ये ही दोन्ही कामं एकाच डब्यात होतात आणि असे दोन डबे बसवलेले असतात, एक पुढे, एक शेपटाकडे. म्हणूनच अहमदाबादला ‘दोन्ही ब्लॅक बॉक्स’ मिळाले म्हणजे एकाच नोंदीच्या दोन प्रती मिळाल्या.

आवाज नोंदवण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉरन यांची. ते लहान असतानाच, १९३४ मध्ये, त्यांचे वडील बास सामुद्रधुनीवरच्या विमान अपघातात गेले. पुढे मेलबर्नच्या वैमानिकी प्रयोगशाळेत काम करताना ‘कॉमेट’ या जेट विमानाच्या अपघातांची चर्चा त्यांच्या कानांवर आली. नेमकं काय घडलं ते सांगायला कुणीच उरलेलं नव्हतं. कॉकपिटमध्ये एक छोटं ध्वनिमुद्रक यंत्र असतं तर, हा विचार त्यांनी सोडला नाही. त्यांच्या देशात सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. मात्र १९६० मध्ये क्वीन्सलंडमधल्या मॅके गावाजवळ विमान समुद्रात पडून २९ जण दगावले आणि त्यानंतर कॉकपिटमध्ये असं यंत्र सक्तीचं करणारा पहिला देश ऑस्ट्रेलियाच ठरला.

‘ब्लॅक बॉक्स फुटत नाही, मग सगळं विमानच त्या धातूचं का बनवत नाहीत?’ हा प्रश्न तर प्रत्येक अपघातानंतर कुणीतरी विचारतंच. मुळात सगळा डबा अभेद्य नसतोच. जपलेला असतो तो फक्त आतला स्मृतीचा भाग. चिप्स बसवलेली छोटी पट्टी, तिच्याभोवती उष्णता अडवणारा जाड थर आणि त्यावर पोलाद किंवा टायटॅनियमचं कवच. हा भाग गुरुत्वाकर्षणाच्या ३,४०० पट धक्क्याला, ११०० अंश सेल्सियसच्या ज्वाळांत तासभर आणि समुद्रात ६,००० मीटर खोलीच्या दाबाला टिकला पाहिजे. टोकाला पोलादी खिळा बसवलेलं सव्वादोनशे किलोंचं वजन तीन मीटरवरून त्यावर टाकूनही पाहतात. एवढ्या जाड कवचाचं विमान जमिनीवरून उठणारच नाही. आणि समजा उठलं आणि आपटूनही शाबूत राहिलं, तरी तो धक्का आतल्या माणसांच्या शरीराला सोसणार नाही.

आणि एवढं करूनही हार होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर आदळलेल्या दोन्ही विमानांचे रेकॉर्डर मिळालेच नाहीत. अहमदाबादच्या विमानाचा मागचा रेकॉर्डर इतका जळला होता की नेहमीच्या पद्धतीने त्यातून काहीच काढता आलं नाही. हाती आलं ते पुढच्या रेकॉर्डरमधलं.

ते काढणंही पेन ड्राइव्ह लावण्याइतकं सोपं नसतं. २४ जूनला दोन्ही रेकॉर्डर दिल्लीत विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या प्रयोगशाळेत पोचले. पुढच्या रेकॉर्डरमधली स्मृतीची पट्टी तपासून, अगदी तसल्याच धडधाकट रेकॉर्डरचा आधार घेऊन तिच्यातली माहिती उतरवली गेली. या धडधाकट जोडीदाराला तंत्रज्ञांच्या बोलीत ‘गोल्डन चॅसी’ म्हणतात. समुद्रातून काढलेला रेकॉर्डर तर लगेच कोरडासुद्धा करत नाहीत. हवा लागली की खाऱ्या पाण्यामुळे गंज झपाट्याने चढतो, म्हणून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो गोड्या पाण्यातच बुडवून ठेवतात. मग पट्टी धुणं, सावकाश सुकवणं आणि तिच्यावरचा एकेक जोड तपासणं. वीज जोडतात ती सगळ्यात शेवटी, कारण ओलसर पट्टीत ती सोडली तर समुद्राने राखलेलं प्रयोगशाळेत जायचं.

समुद्राचा विषय निघाला की आणखी एक समज पुढे येतो: ब्लॅक बॉक्स उपग्रहाला संदेश पाठवून आपला ठावठिकाणा कळवतो. तसं काही नसतं. त्याला जोडलेली ध्वनिकांडी पाण्यात पडल्यावरच जागी होते आणि साधारण सेकंदाला एक याप्रमाणे ३७.५ किलोहर्ट्झचा ठोका देत राहते. माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही. खास उपकरणांनाही तो जेमतेम काही किलोमीटरवरून लागतो. बॅटरी पूर्वी ३० दिवस चाले, आता ९० दिवसांची असते. जमिनीवर तर ही कांडी मुकीच. ८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाच्या बाबतीत तर चौकशीत असं निघालं की आकडे नोंदवणाऱ्या रेकॉर्डरच्या कांडीच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपलेली होती. कागदोपत्री राहून गेलेली ही एक नोंद, पण तिचा विचार करताना अंगावर काटा येतो.

रेकॉर्डर पूर्ण प्रवास नोंदवतो, ही समजूतही आवाजाच्या बाबतीत खरी नाही. जुन्या यंत्रांत शेवटची ३० मिनिटं राहत, नंतर दोन तास. नवा आवाज जुन्यावर चढत जातो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या बाजूचं झाकण हवेत उडून गेलं. विमान सुखरूप उतरलं, पण रेकॉर्डरची वीज वेळेत कुणी बंद केली नाही. तो सुरूच राहिला आणि नेमका तो प्रसंग पुसला गेला. नव्या विमानांत २५ तासांचा आवाज साठवण्याचा आग्रह आता धरला जातो, तो अशाच अनुभवांमुळे.

उलटही घडतं. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या मुआन विमानतळावर जेजू एअरचं विमान पोटावर घसरत जाऊन काँक्रीटच्या बांधावर आदळलं आणि १७९ जण गेले. त्याचे दोन्ही रेकॉर्डर अपघाताच्या सुमारे चार मिनिटं आधीच थांबले होते. विमानाची वीज गेली की रेकॉर्डरही गप्प होतो, आणि त्या विमानात रेकॉर्डरसाठी वेगळी बॅटरी नव्हती. ज्या चार मिनिटांत सगळं घडलं, तीच कोरी. बोइंग ७८७ च्या पुढच्या रेकॉर्डरला मात्र स्वतःची वीज असते.

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाचा विषय आला की लोकांना वैमानिकांचे शेवटचे शब्द हवे असतात. तपास करणारे शब्दांइतकंच बाकीच्या आवाजांकडे कान लावतात. छतातला एक मायक्रोफोन स्विचची खटखट, इंजिनाची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, धोक्याची घंटा, सगळं टिपत असतो. मे २०१० मध्ये मंगळूरला विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळलं आणि १५८ जण गेले. त्या विमानाच्या ध्वनिमुद्रणात बराच वेळ संभाषण नव्हतंच. ऐकू येत होते ते गाढ झोपेतले श्वास. कॅप्टन झोपेतून उठल्यावर काही वेळातच विमान उतरवत होते, हा चौकशीतला कळीचा मुद्दा त्या श्वासांवरून हाती आला.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: ब्लॅक बॉक्स अपघाताचं कारण सांगतो. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान १ जून २००९ रोजी २२८ जणांसह अटलांटिकमध्ये पडलं. जवळजवळ दोन वर्षं शोध चालला आणि मे २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून दोन्ही रेकॉर्डर वर आले. दोन्ही वाचता आले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला. मग सुकाणू हाती असलेल्या वैमानिकाने नाक वर खेचलं आणि ते जवळजवळ तसंच धरून ठेवलं. पंखांची उचल संपल्याचा इशारा पुन्हा पुन्हा वाजत होता. साडेचार मिनिटांच्या आत विमान पाण्यावर आदळलं. सेकंदासेकंदाचा हिशेब मिळाला.

पण त्याने नाक खाली का केलं नाही? हे कुठल्याच चिपमध्ये लिहिलेलं नव्हतं. फ्रेंच अन्वेषण संस्थेने मानवी वर्तनाचे जाणकार बोलावले, वैमानिकांना काय दिसत असेल, काय ऐकू येत असेल, हे क्षणाक्षणाने मांडून पाहिलं. तेव्हा एक भयंकर गोष्ट समोर आली. नोंदलेला वेग फारच खाली गेला की इशारा देणारी यंत्रणा आकडे अविश्वसनीय मानून तो बंद करत होती आणि नाक जरा खाली आलं, वेग वाढला की इशारा पुन्हा सुरू. म्हणजे बरोबर कृती केली की घंटा वाजे, चुकीची केली की शांत होई. आकडे रेकॉर्डरने दिले होते. त्यांचा हा अर्थ माणसांनी महिनोन्महिने बसून लावला. अंतिम अहवाल यायला जुलै २०१२ उजाडलं.

एकाच नोंदीचे दोन अर्थही निघू शकतात. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ कोसळलं आणि ३२९ जण गेले. सुमारे दोन किलोमीटर खोल पाण्यातून काढलेल्या रेकॉर्डरच्या फिती मुंबईला आणल्या गेल्या. फितीच्या शेवटी एक आवाज होता आणि त्यानंतर काही नाही. त्या क्षणभराच्या आवाजाचा अर्थ भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांनी एक लावला, तर ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या तज्ज्ञांचं मत वेगळं पडलं. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या चौकशीने बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष काढला तो केवळ फितीवरून नव्हे. समुद्रतळावरच्या अवशेषांचे नमुने, त्यांवरच्या खुणा, सामानाची कागदपत्रं, हे सगळं तिच्याशेजारी मांडून काढला.

हे लक्षात घेतलं की जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अहमदाबादचा प्राथमिक अहवाल कसा वाचायचा ते कळतं. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांच्या इंधन स्विचांची स्थिती सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ अशी नोंदली गेली आणि काही सेकंदांनी पुन्हा ‘चालू’. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण काय म्हणालं हे अहवालाने सांगितलं नाही आणि निष्कर्षही काढला नाही. तरी काही तासांतच समाजमाध्यमांवर आणि चर्चांत निकाल लागले, जे बोलू शकत नाहीत अशा माणसांवर आरोप झाले. त्यांच्या घरच्यांनी ते ऐकलं. अपघात तपासाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हेतू स्पष्ट लिहिला आहे: पुढचा अपघात टाळणे. दोष किंवा जबाबदारी ठरवणं हे या तपासाचं काम नाही. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सहसा जाहीर करत नाहीत, ते याच कारणाने.

त्याच अहवालात स्विचांच्या बातमीखाली दबून गेलेली एक नोंद आहे. विमानात ज्यांतून इंधन भरलं त्या टाक्यांमधले नमुने तपासून समाधानकारक ठरले होते. पण खुद्द जळालेल्या विमानातून, शेपटाकडच्या छोट्या सहायक इंजिनाच्या गाळणीतून आणि डाव्या पंखातल्या एका झडपेतून, अगदी थोडंसं इंधन हाती लागलं होतं. एवढ्याशा इंधनाची चाचणी करू शकेल अशा प्रयोगशाळेत ते पाठवायचं ठरलं.