विश्लेषण : एका ओळीत अख्ख्या संकेतस्थळाचा रंग कसा बदलतो?

मोबाइलवर ‘डार्क मोड’चे बटण दाबले की पांढरे पान क्षणात काळे होते आणि काळी अक्षरे पांढरी. पानावरील शेकडो घटकांचे रंग एकदम बदलण्यामागे अनेकदा ‘सीएसएस व्हेरिएबल’ असते. वेबपेज बनवायला शिकणाऱ्यांनी ते सुरुवातीलाच समजून घेतले, तर पुढची बरीच मेहनत वाचते.

गरज का भासली?

एचटीएमएल पानाची रचना सांगते. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे सीएसएस ठरवते. सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. त्यानंतर बरीच वर्षे शीर्षक, बटण, लिंक, चौकट अशा प्रत्येक ठिकाणी तोच रंग पुन्हा लिहावा लागे. रंग बदलायचा तर सगळीकडे बदला. एखादी जागा सुटली की पानावर जुना आणि नवा रंग शेजारी शेजारी! ‘सास’सारख्या साधनांनी व्हेरिएबलची सोय दिली, पण त्यांचे मूल्य फाइल तयार होतानाच पक्के होई. फायरफॉक्सने २०१४ मध्ये, तर क्रोम आणि सफारीने २०१६ मध्ये ही सोय थेट ब्राउझरमध्ये आणली.

ते कसे लिहितात?

आधी दोन हायफन, मग नाव, कोलन, मूल्य आणि शेवटी अर्धविराम. नाव मराठीतही चालते, उदाहरणार्थ ‘--बटण-रंग’. अशा ओळी सहसा ‘रूट’ या सिलेक्टरमध्ये एकत्र ठेवतात. रंग हवा असेल तिथे ‘व्हार’ लिहून कंसात हे नाव द्यायचे. पुढे रंग बदलायचा झाल्यास फक्त ‘रूट’मधली ओळ बदलायची.

डार्क मोडशी संबंध काय?

या व्हेरिएबलचे मूल्य पान उघडे असतानाही बदलता येते. डार्क मोडसाठी त्याच नावांना दुसरी मूल्ये दिली, की ती नावे वापरणारे सारे घटक आपोआप बदलतात. एखाद्या चौकटीपुरतेच मूल्य बदलले, तर परिणाम त्या चौकटीच्या आतच राहतो.

कुठे फसगत होते?

नावात एक अक्षर चुकले तरी ब्राउझर तक्रार करत नाही. ‘पैसे भरा’ या बटणाच्या पार्श्वभूमीचे नाव चुकले, तर ती पारदर्शक होते. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरे दिसेनाशी होतात आणि ग्राहक बटण शोधत बसतो. म्हणून ‘व्हार’च्या कंसात स्वल्पविराम देऊन पर्यायी रंग लिहावा. इंग्रजी नावांत लहान आणि मोठी लिपी वेगळी मानली जाते. तसेच मीडिया क्वेरीच्या अटीत, म्हणजे स्क्रीनची रुंदी तपासताना, ‘व्हार’ चालत नाही.

नाव काय द्यावे?

रंगाचे नव्हे, कामाचे. ‘--निळा’ असे नाव दिले आणि वर्षभराने रंग लाल ठरला, तर फाइल वाचणारा गोंधळतो. ‘--बटण-रंग’ मात्र कुठल्याही रंगात खरेच राहते.